तिथी भरदुपारी का बदलते?

२०२४च्या ऑक्टोबरअखेरीस न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा फोन आला. "मावशी, लक्ष्मीपूजन नक्की कधी? आई म्हणते शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. इथली माझी लखनौची मैत्रीण म्हणते गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला. दोघींनी पंचांग बघितलंय, दोघी अगदी खात्रीनं सांगतायत. मग चुकतंय कोण?"

कुणीच चुकत नव्हतं. पण हे 'कुणीच चुकत नाही' नुसतं सांगून तिचं समाधान झालं नसतं. तिनं वही घेतली, मी माझ्याकडचं पंचांग काढलं आणि आम्ही तासभर बोललो. लहानपणापासून भिंतीवर कॅलेंडर बघतो, तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात तिथी वाचतो, पण तिच्यापुढे 'दुपारी ३.५२ पर्यंत' असं का लिहिलेलं असतं, ते आपल्याला कुणी बसवून समजावलेलं नसतं. तारीख तर मध्यरात्री बदलते. मग तिथी भरदुपारी कशी बदलते?

पंचांगाची अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. घराघरात गोंधळ होतो तो पहिल्या अंगाचा. ते एक नीट समजलं की अधिक मास, तिथीचा क्षय, दोन-दोन एकादश्या हे सगळं त्याच धाग्याला धरून उलगडत जातं.

दोन काट्यांचं घड्याळ

भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक. तासाभरात मोठा काटा फेरी पूर्ण करून पुन्हा बारावर येतो, पण तोवर छोटा काटा एकावर सरकलेला असतो. त्याला गाठायला मोठ्या काट्याला आणखी साडेपाच मिनिटं चालावं लागतं. म्हणजे काट्यांची भेट दर साठ मिनिटांनी होत नाही, साडेपासष्ट मिनिटांनी होते. बारा तासांत मोठा काटा बारा फेऱ्या मारतो आणि छोट्याला भेटतो अकरा वेळा. एक फेरी कायम कमी पडते.

आकाशातही असंच घड्याळ आहे. चंद्र मोठा काटा, सूर्य छोटा काटा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरंच, पण आपण पृथ्वीवर उभं राहून बघतो तेव्हा सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण एक अंश पुढे सरकलेला दिसतो, आणि पंचांग सगळं या दिसण्यावरच चालतं. चंद्र ताऱ्यांमधली आपली फेरी २७.३ दिवसांत पुरी करतो. तेवढ्यात सूर्य सुमारे २७ अंश पुढे निघून गेलेला असतो. त्याला गाठायला चंद्राला आणखी सव्वादोन दिवस लागतात. दोघांची भेट होते ती अशी २९.५३ दिवसांनी. ही भेट म्हणजे अमावास्या.

नक्षत्रं सत्तावीस का आणि तिथी तीस का, याचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. चंद्राची ताऱ्यांमधली फेरी सत्तावीस दिवसांची, म्हणून त्याच्या वाटेवर सत्तावीस मुक्काम ठरवले. प्रत्येक मुक्काम १३ अंश २० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). सूर्याशी भेट मात्र साडेएकोणतीस दिवसांनी, म्हणून दोन भेटींमधल्या ३६० अंशांचे तीस सारखे भाग केले. प्रत्येक भाग बारा अंशांचा. त्या भागाचं नाव तिथी.

इथे भाचीनं मला थांबवलं. "म्हणजे तिथी हा दिवसच नाही?"

तिनं नेमकं धरलं. तिथी हे मुळात अंतर आहे. अमावास्या संपते त्या क्षणी चंद्र-सूर्यातलं अंतर शून्य. चंद्र बारा अंश पुढे गेला की शुद्ध प्रतिपदा संपली, चोवीस अंश झाले की द्वितीया संपली, १८० अंशांवर पौर्णिमा संपली. तिथून पुढे वद्य पक्ष. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारखं आहे हे. गाडी कोणता दगड किती वाजता ओलांडेल हे गाडीच्या वेगावर ठरतं. दगड ओलांडायला ती सूर्योदयाची वाट बघत थांबत नाही. चतुर्थी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी संपली याचा अर्थ इतकाच, की त्या क्षणी अंतर ४८ अंश भरलं. तो क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग आजची तिथी कोणती?

अंतर हवं तेव्हा बदलणार, पण माणसाला दिवसाला एक नाव तर हवं. त्यासाठी साधा नियम केला: सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. तिला उदयतिथी म्हणतात. आपल्याकडे वारही सूर्योदयापासूनच सुरू होतो. पहाटे चार वाजता पंचांगाच्या हिशेबानं अजून कालचाच वार असतो.

आता समजा, सूर्योदय साडेसहाला आहे. तृतीया सकाळी सात वाजता संपली आणि चतुर्थी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच आटोपली. चतुर्थीच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही. कॅलेंडरवर तृतीयेनंतर थेट पंचमी छापली जाते, आणि आपण म्हणतो चतुर्थीचा क्षय झाला. ती झाली नाही असं नव्हे. ती दोन सूर्योदयांच्या मध्ये येऊन गेली. याच्या उलट, एखादी तिथी सूर्योदयाच्या जरा आधी सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतर संपली, तर तिला दोन सूर्योदय मिळतात. ती तिथीची वृद्धी. दोन दिवस लागोपाठ एकच तिथी दिसते ती यामुळे.

तिथीची सरासरी लांबी २३ तास ३७ मिनिटं, म्हणजे दिवसापेक्षा थोडी कमी. बारा चांद्रमासांत तिथी होतात ३६० आणि दिवस भरतात ३५४. म्हणून वर्षभरात वृद्धीपेक्षा क्षय सहाने जास्त होणारच.

सण आणि व्रतांना मात्र नुसती उदयतिथी पुरत नाही. ज्या वेळेला ते कर्म करायचं, त्या वेळेला ती तिथी असायला हवी, असं शास्त्रकारांनी ठरवलं. मला हे फार समंजसपणाचं वाटतं. संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा, तर चंद्रोदयाला चतुर्थी हवी. गणपती माध्यान्ही बसवायचा, रामाचा जन्मही माध्यान्हीचा, तर चतुर्थी आणि नवमी माध्यान्ही हवी. कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा, तर अष्टमी मध्यरात्री हवी. लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळी, तर अमावास्या तेव्हा हवी. कॅलेंडरच्या चौकोनात तृतीया छापलेली असून खाली संकष्टी का लिहिलेली असते, ते आता कळेल: सकाळी तृतीया होती, चंद्र उगवायच्या आत चतुर्थी लागली.

चंद्र कधी रमतगमत, कधी झपाझप

घड्याळाचा दृष्टांत एका ठिकाणी तोकडा पडतो. घड्याळाचे काटे एकाच चालीनं चालतात. चंद्र तसा चालत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ असताना तो सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, दूर गेला की ४ लाख ५ हजारांवर. जवळ असताना तो दिवसाला पंधरा अंशांहून जास्त पळतो, दूर असताना बारालाही जेमतेम पोचतो. दगड सारख्या अंतरावर आणि गाडीचा वेग सतत बदलता, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांतच उरकते, तर एखादी पावणेसत्तावीस तास रेंगाळते.

आता २०२४चं लक्ष्मीपूजन घ्या. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२च्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. जवळजवळ साडेसव्वीस तास. इतकी लांब का? चंद्र त्या फेरीतल्या सर्वांत दूरच्या ठिकाणी होता तो अमावास्या लागण्याच्या जेमतेम दीड दिवस आधी. चाल मंदावलेली. सरासरी लांबीची अमावास्या असती, तर ती १ तारखेला दुपारी साडेतीनलाच संपली असती आणि कुठेही प्रश्न उठला नसता. ३१ तारीखच सगळ्यांची झाली असती.

पण ती रेंगाळली. पुण्यात त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून दोन-तीन मिनिटांनी. म्हणजे सूर्य मावळल्यावर अमावास्या आणखी दहा-पंधरा मिनिटं होती. ३१ला प्रदोषकाळी पूर्ण होती, १ला प्रदोषकाळाला नुसती शिवून गेली. अशा वेळी आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी मानलेला नियम असा, की दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ज्या संध्याकाळी अमावास्या भरभक्कम आहे ती संध्याकाळ घेतली. गणित दोघांचं एकच होतं, अमावास्येची वेळ दोघांकडे तीच होती. निवड वेगळी झाली ती नियमाची.

केरोपंत छत्र्यांनी काय बदललं

पूर्वी मात्र गणितातच फरक पडायचा. पंधराशेच्या आसपास कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावला गणेश दैवज्ञ नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, त्यांनी 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या-कोज्या (आजच्या भाषेत साइन-कोसाइन) टाळून, साध्या गुणाकार-भागाकारानं ग्रहांची स्थिती काढता येईल अशी रीत त्यांनी बसवली आणि पुढची शेकडो वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्या रीतीनं झाली. खेड्यातल्या जोश्यालाही पाटीवर तिथी काढता यावी, हे केवढं काम!

या जुन्या गणितात तिथी किती लांबू-आखडू शकते याचं सूत्र होतं 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. दिवसाच्या साठ घटकांपेक्षा तिथी फार तर पाच घटका वाढेल, सहा घटका घटेल. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे २१ तास ३६ मिनिटं ते २६ तास. प्रत्यक्ष आकाशात मात्र ती दहा घटका घटते आणि सात घटकांच्या आसपास वाढते. त्याला 'सप्तवृद्धी दशक्षय' म्हणतात. हा फरक इतकी शतकं कसा निभावला, याचं कारण मला फार सुंदर वाटतं. जुने गणिती आपलं गणित ताडून बघायचे ते ग्रहणावर. आणि ग्रहण होतं फक्त अमावास्येला किंवा पौर्णिमेला. तिथे त्यांचं गणित चोख बसत होतं. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या चालीत आणखी एक फरक पडतो, तो सर्वांत जास्त दिसतो अष्टमीच्या सुमाराला. आणि अष्टमीला ग्रहण नसतं, त्यामुळे तिथली चूक डोळ्यांवर येत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक खगोलशास्त्राच्या आकड्यांवरून पंचांग करायला सुरुवात केली. तेच पटवर्धनी पंचांग. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या गणिताचे ग्रंथ रचले, लोकमान्य टिळकांनी या सुधारणेचा जोरानं पुरस्कार केला. वाद खूप झाले. आज आपण जी पंचांगं वापरतो त्यांतल्या बहुतेकांचं गणित आकाशाशी मिनिटाच्या हिशेबात जुळतं, ते या माणसांच्या कष्टामुळे.

धोंड्याचा महिना कुठून येतो

पुन्हा घड्याळाकडे. मोठा काटा बारा फेऱ्यांत छोट्याला अकराच वेळा भेटतो, ही एक फेरी कमी पडण्याची गोष्ट लक्षात आहे ना? सूर्याच्या एका वर्षात चंद्र १३.३७ फेऱ्या मारतो आणि सूर्याला भेटतो १२.३७ वेळा. वर्षात बारा अमावास्या आणि वर थोडं. हे 'थोडं' म्हणजे सुमारे अकरा दिवस. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं.

या अकरा दिवसांचं काय करायचं, हा जगातल्या प्रत्येक समाजापुढचा प्रश्न होता. इस्लामी कालगणनेनं चंद्र धरला. त्यामुळे ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. युरोपनं सूर्य धरला. त्यांच्या महिन्याचा चंद्राशी संबंध उरला नाही, पहिली तारीख पौर्णिमेलाही येते आणि अष्टमीलाही. आपल्या लोकांनी दोन्ही धरायचं ठरवलं. महिना चंद्राचा, पण श्रावण पावसातच यायला हवा आणि वैशाख उन्हाळ्यातच. मग अकरा-अकरा दिवस साठू द्यायचे आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी, एका चांद्रमासाइतके झाले की एक महिना जास्तीचा घालायचा. एकोणीस वर्षांत असे सात.

गणपती मागे-पुढे होताना हे स्पष्ट दिसतं. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ला ती १९ सप्टेंबरला गेली. मग २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट. दर वर्षी अकरा-बारा दिवस मागे, आणि मध्ये अधिक मास आला की एकदम पुढे.

पण जास्तीचा महिना नेमका कोणता, हे कोण ठरवतं? कुणी बसून ठरवत नाही, हेच मला या पद्धतीत सर्वांत आवडतं. सूर्य महिन्याला एक रास ओलांडतो. रास बदलली की संक्रांत. मकर संक्रांत आपण साजरी करतो, पण अशा बारा आहेत. सहसा प्रत्येक चांद्रमासात एक संक्रांत पडते आणि तिच्यावरून महिन्याचं नाव ठरतं. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक, आणि त्याला नाव मिळतं पुढच्या महिन्याचं.

२०२३च्या श्रावणात काय झालं बघा. सूर्य कर्क राशीत गेला १७ जुलैच्या पहाटे. त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर, अमावास्या संपली आणि नवा चांद्रमास सुरू झाला. संक्रांत एका दिवसानं आधी होऊन गेली. तो महिना संपला १६ ऑगस्टच्या दुपारी, आणि सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टच्या दुपारी. पुढची संक्रांत एका दिवसानं उशिरा आली. दोन्ही टोकांना एकेका दिवसानं हुकलेला तो महिना संक्रांतीवाचून राहिला. तो अधिक श्रावण. त्याच्यामागून आला तो निज श्रावण, आणि नागपंचमी, राखीपौर्णिमा सगळं त्यात झालं. २०२० साली अश्विन अधिक होता, म्हणून सर्वपित्री अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी घट बसायच्या ऐवजी चक्क महिन्यानं, १७ ऑक्टोबरला बसले.

याच महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आकाशातल्या उरलेल्या दिवसांचा हिशेब घरात अनारशाच्या जाळीत उतरतो.

कधी कधी उलटंही होतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्या दिवसांत सूर्य रास साडेएकोणतीस दिवसांतच ओलांडतो आणि एखाद्या लांबलेल्या चांद्रमासात दोन संक्रांती येऊन बसतात. तेव्हा एक महिना गळतो, तो क्षयमास. हे फार दुर्मीळ. १९६३-६४ आणि १९८२-८३ साली झालं होतं. आणि ज्या वर्षी महिना गळतो, त्याच्या आगेमागे दोन अधिक मास येऊन हिशेब सावरतात.

उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, तो फरक मात्र फक्त नावाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्म दोघांचा एकाच रात्री.

मृग का हलत नाही

गणपती दर वर्षी हलतो, पण मृग नक्षत्र दर वर्षी ७-८ जूनलाच लागतं, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. याचं कारण, पावसाची नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. चंद्र एका नक्षत्रात दिवसभर असतो. सूर्याला तेवढंच अंतर जायला साडेतेरा दिवस लागतात. मे अखेरीस सूर्य रोहिणीत, मग मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. सप्टेंबर संपता संपता सूर्य हस्तात गेला की हत्तीचा पाऊस, आणि अंगणात पाटावर हत्ती काढून मुली हादगा खेळायला लागतात. सण चंद्राच्या हिशेबानं आणि शेती सूर्याच्या, असे दोन्ही हिशेब एकाच घरात, एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर नांदतात.

सूर्याचा हिशेबही कायमचा जागी बसलेला नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. आपल्या राशी ताऱ्यांना बांधलेल्या, इंग्रजी तारखा ऋतूंना. म्हणून मकर संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, संक्रांत तिथून घसरत घसरत जानेवारीच्या मध्यावर आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ला असते.

याच हिशेबानं आणखी मागे गेलो की एक जुनी समजूत तपासता येते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, पौष शुद्ध अष्टमीची. ती ऐन संक्रांतीला झाली असं सर्रास सांगितलं जातं, कारण १४ जानेवारी म्हटलं की आपल्या मनात तिळगूळच येतो. पण त्या वर्षी सूर्य मकरेत गेला होता १० जानेवारीच्या आसपास. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी जे गेलं त्याचं दुःख यानं कमी होत नाही. पण ती माणसं कोणत्या दिवशी उपाशीपोटी उभी राहिली, हे तरी आपल्याला नीट माहीत असावं असं मला वाटतं.

घटकापात्र आणि गावचा सूर्योदय

घड्याळं घरोघरी यायच्या आधी दिवसातला वेळही याच पद्धतीनं मोजला जायचा. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. पळ चोवीस सेकंदांचं. 'घटकाभर बस', 'पळभर थांब' असं आपण अजून म्हणतो. घटका मोजायचं साधन इतकं साधं, की बघितल्यावर हात लावावासा वाटतो. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ही वाटी पाण्यानं भरलेल्या घंगाळात अलगद सोडायची. भोकातून पाणी हळूहळू वर चढतं, वाटी जड होत जाते, काठ पाण्याला टेकतात आणि ती एकदम बुडते. चोवीस मिनिटं झाली. लग्नघरी मुहूर्तासाठी ही वाटी लावायचे, आणि एक माणूस दुसरं काही न करता तिच्यावर नजर ठेवून बसायचा. 'घटका भरली' हा शब्द त्या पाण्यातून आला.

पण घटका मोजायची कुठून? सूर्योदयापासून. जुन्या पंचांगात तिथीपुढे 'घटी २३ पळे १५' असं असायचं, म्हणजे सूर्योदयानंतर इतक्या वेळानं ती संपेल. आणि सूर्योदय गावोगावी वेगळा. पूर्वेला लवकर, पश्चिमेला उशिरा. म्हणून पंचांगात ते कोणत्या गावासाठी केलंय हे लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच पुण्यात छापलेलं पंचांग दूरच्या गावी जसंच्या तसं लावता येत नाही.

इथे भाची पुन्हा बोलली. "म्हणजे आईचं पंचांग इथे चालणारच नाही?"

तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगासाठी एक, सूर्योदय-सूर्यास्त मात्र ज्याचा त्याचा. मी तिला हिशेब मांडायला सांगितला. तिच्याकडचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. भारतात अमावास्या लागते ३१ला दुपारी ३.५२ला, तिच्याकडे तेव्हा ३१चीच सकाळ, ६.२२. इथे संपते १ला संध्याकाळी सव्वासहाला. तिच्याकडे तेव्हा १ची सकाळ, पावणेनऊ. या दोन वेळांच्या मध्ये तिच्या गावचे सूर्यास्त किती येतात ते मोज, म्हटलं.

ती वहीत आकडे लिहीत होती, ते पेनच्या आवाजावरून कळत होतं. मग म्हणाली, "एकच. गुरुवारचा. मावशी, माझ्याकडे तर दोन तारखांचा प्रश्नच येत नाही."

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तिनं मैत्रिणीला घरी बोलावून पूजा केली. तिनं फोटो पाठवला तेव्हा पुण्यात शुक्रवारची पहाट होती आणि तिची आई लाह्या-बत्ताशांची पिशवी शोधत होती.